नुकसान नसलेलं घर

आमच्या नाल्याकाठी आता एकच घर उभं आहे आणि ते माझं आहे. वरच्या कॉलनीतल्या लोकांना वाटतं, म्हातारा हट्टी आहे, सरकारनं चांगली उंचावरची जागा देऊ केली तरी जागचा हलला नाही. साफ खोटं. सरकारनं मला जागा दिलीच नाही. दिली असती तर सगळ्यांच्या आधी मीच गाठोडं बांधून ट्रॉलीत बसलो असतो. आता हे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून कोण सांगत बसणार? म्हणून इथं एकदाच सांगून टाकतो.

मी लहानू वासनिक. माझा बाप भंडाऱ्याकडून पोटापाण्यासाठी जबलपुरात आला. मी खमरियाच्या फॅक्टरीत लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. तोफगोळ्यात दारू भरतात त्या सेक्शनमध्ये होतो. तिथं बाहेरचे जोडे बाहेर आणि आतले जोडे आत. खाली वाळूचा कण दिसला तर आधी तो उचलायचा आणि मग बाकी काय ते बोलायचं, कारण तो कण कुठं घासला गेला तर बोलायला कोणी उरायचं नाही. निरीक्षण आहे म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही भिंती पुसायचो, फरशी घासायचो, एकेक अवजार चकचकीत करून त्याच्या जागी ठेवायचो. साहेब यायचा, फिरायचा, मान हलवायचा, की आम्ही सुटलो. सगळा जन्म हेच केलं. माणूस रिटायर होतो तेव्हा फॅक्टरी त्याचा पास काढून घेते, सवय काढून घेत नाही.

रिटायर झालो तसं क्वार्टर सोडावं लागलं. हाती आलेल्या पैशात नेपियर टाउनसारख्या बड्या वस्तीत कोणी मला पायरीसुद्धा विकली नसती. नाल्याकाठी ही जागा मिळाली. विकणारा म्हणाला, "वासनिकजी, इस नाले में तो बकरी के पीने लायक पानी नहीं रहता।" तो बोलला तेव्हा उन्हाळा होता, त्यामुळे खोटंही म्हणता येत नाही. मी घर बांधलं. नगर निगमनं नंबर दिला, वीजवाल्यांनी मीटर दिलं, मकान टॅक्स सुरू झाला. तुम्ही नाल्यात बसला आहात, असं तेव्हा कोणीच बोललं नाही.

बरं, तेव्हा आम्ही नाल्यात नव्हतोही. वर मोठं मैदान होतं, पावसाचं पाणी तिथं पसरायचं आणि आटायचं. मग त्या मैदानावर भराव टाकून कॉलनी झाली. छान कॉलनी आहे, फाटकावर चौकीदार आहे. पाणी मात्र तिथून निघून आमच्याकडे यायला लागलं.

माझ्या शेजारी टिकाराम. सदर बाजारात फौजी लोकांच्या वर्द्या शिवायचा. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. माझी बायको कुसुम होती तोवर ती आणि टिकारामची पार्वताबाई या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बसून आपापल्या चुलीशी एकमेकींशी बोलायच्या, आणि आम्हा दोघा नवऱ्यांची अब्रू या भिंतीतून इकडून तिकडे जायची. कुसुम गेली. मुलगी शकु नागपूरला दिलेली. कुसुमच्या मागे माझा संध्याकाळचा चहा टिकारामकडे कधी गेला ते कळलंच नाही. कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही. एक दिवस तिथं बसलो आणि मग रोज बसलो. टिकाराम घरीही शिलाई मशीन चालवायचा. तो खडखडाट भिंतीतून माझ्या खोलीत यायचा आणि मी बडबडायचो की या माणसाच्या पायाला काही आराम आहे की नाही.

जबलपुरात मोठा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी पहिल्यांदा घरात शिरलं. त्याच्या पुढच्या वर्षीही शिरलं. दोन्ही वेळेला सरकारनं वस्तीला थोडीफार मदत दिली आणि दोन्ही वेळेला वरच्या कॉलनीत कुरकुर झाली. तिथल्या अच्युतरावांशी माझी चहाच्या टपरीवर गाठ पडायची. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की वकिली सुरू.

"वासनिक, तुम्हीच सांगा," ते म्हणायचे. "आम्ही जास्त पैसे मोजून उंचावर घर घेतलं. तुम्ही स्वस्तात खाली घेतलं. पाणी आलं की आमच्या टॅक्समधून तुमचं घर उभं करायचं. दर वर्षी! मग आम्ही शहाणपणा केला तो काय शिक्षा म्हणून?"

"अन् तुमचं मैदान आमच्या घरात येते त्याचं काय?" मी विचारायचो.

"मैदान मी भरलं का?"

"नाला मी खोदला का?"

मग दोघंही चहा संपवायचो. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला अर्धं पटायचं. दर वर्षी हात पसरणं मलाही आवडत नव्हतं. पण अर्धं पटलेलं माणूस बोलून दाखवत नाही.

तिसऱ्या वर्षी पाणी भरदुपारी आलं. आम्ही रस्त्याकडच्या शाळेत जाऊन बसलो. पार्वताबाईनं तांदळाचा डबा डोक्यावर घेतला होता, टिकारामनं मशीनचं फक्त डोकं उचलून आणलं होतं, पाय तिथंच राहिले. मी कुसुमचा फोटो आणि रेडिओ घेतला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही घरी गेलो. गुडघाभर गाळ. वास असा की तोंडाला पदर लावूनही बायका बाहेर पळत होत्या. टिकारामची खाट गाळात रुतून बसली होती, कोणी हलवायला गेलं तर पायच निघून हातात आला. वस्तीतल्या विहारात बुद्धाची मूर्ती उंच फळीवर होती म्हणून वाचली, खालच्या सतरंज्या गेल्या.

त्याच दिवशी भोंगा लावलेला एक ऑटो वस्तीतून फिरला. सगळ्यांनी घरीच राहावं, उद्या तहसीलचं पथक नुकसानीचं निरीक्षण करायला येणार आहे.

निरीक्षण म्हटल्यावर मी फावडं उचललं.

मला कोणी सांगावं लागलं नाही आणि मी विचारही केला नाही. आधी सगळा गाळ काढून नाल्यात लोटला. मग हातपंपावरून बादल्या आणून फरशी धुतली, पुन्हा धुतली, राखेनं घासली. भिंतींवर पाण्याची रेघ उमटली होती ती खराट्यानं खरवडली आणि वरच्या फळीवर चुना पडला होता तो कालवून वर फासला. ट्रंका उन्हात घातल्या. भांडी चिंचेनं घासून फळीवर उंचीप्रमाणे लावली. भिजलेली गादी फाटली होती, ती कॉलनीच्या मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकली, कारण फाटकी गादी घरात कशाला दिसायला हवी?

पार्वताबाई दारात येऊन पाहत राहिली. तिच्या घरात अजून पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"भाऊजी, काहून एवढं घासून राहिले? येऊ द्या ना त्याईले. पाहू द्या."

"पाहाले येऊन राहिले म्हनूनच त घासतो, वहिनी. परक्या माणसाले चिखलात उभं करू का?"

"आमी करून राहिलो ना," ती म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. एक पटवारी होता आणि एक तरुण इंजिनिअर, विंडचीटर घातलेला, बूट चिखलानं भरलेले. टिकारामकडे ते बाहेरूनच डोकावले. पटवारी नाकाला रुमाल लावून लिहीत होता. टिकारामनं मशीनचे गंजलेले पाय दाखवले, रुतलेली खाट दाखवली, तांदळाच्या फुगलेल्या कोठीवर हात मारून दाखवला. पार्वताबाई मागे उभी राहून रडत होती. खरंच रडत होती, त्यात नाटक काही नव्हतं.

मग ते माझ्याकडे आले. इंजिनिअर उंबऱ्यापाशी थांबला, आतली फरशी पाहिली आणि खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"अरे साहब, रहने दीजिए," मी म्हणालो.

"नहीं बाबूजी, इतनी साफ फर्श पर बूट लेकर कैसे आऊँ।"

त्या पोराचे ते शब्द ऐकून मला काय वाटलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. रिटायर झाल्यापासून कोणी माझं काम तपासलं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली, पुसलेल्या स्टोव्हवर चहा केला. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, छताकडे पाहिलं. "बढ़िया घर है, बाबूजी। बिलकुल नया जैसा।" पटवाऱ्याला म्हणाला, "क्षति निरंक।" पटवाऱ्यानं लिहिलं. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. नुकसान शून्य. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. छाती फुगली होती माझी.

आठवडाभरानं हुकूम आला तेव्हा ती उतरली. या वेळची मदत शेवटची. नाल्याची ही कड धोक्याची म्हणून जाहीर झाली होती, यापुढं इथं पाणी शिरलं तर कोणाला काहीही मिळणार नाही. ज्यांच्या घरांचं नुकसान झालं त्यांना शहराबाहेर टेकाडावर एकेक खोली बांधून मिळणार, आणि त्यांनी इथली घरं पाडू द्यायची. आमच्या वस्तीत नुकसान सगळ्यांचं झालं होतं. माझं सोडून.

मी तहसीलीत गेलो. साहेबाच्या खुर्चीवर एक मॅडम होत्या, शकुएवढ्या वयाच्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, कागद पूर्ण वाचला. मी रागानं गेलो होतो, पण तिथं राग करावा असं काही सापडेना.

"पानी तो मेरे घर में भी उतना ही आया था, मैडम," मी म्हणालो. "मेरी और टिकाराम की एक ही दीवार है।"

"आया होगा, बाबूजी। मैं मानती हूँ। लेकिन जाँच में कुछ दिखा नहीं।"

"मैंने साफ कर दिया था।"

"क्यों?"

त्या विचारत होत्या, दरडावत नव्हत्या. फॅक्टरीपासून सुरू करून सगळं सांगावं असं वाटलं, पण बाहेर रांग होती.

"देखिए," त्या म्हणाल्या, "मदद नुकसान की है, नाले के किनारे रहने की नहीं। खोलियाँ गिनती की हैं। जिसकी छत बैठ गई, उसको छोड़कर आपको दूँ, तो ये इंसाफ होगा?"

मी मान हलवली. बाईचं बरोबर होतं. कोणी चुकीचं वागलं असतं तर मी भांडलो असतो, अर्ज केले असते, अच्युतरावांना मागे लावलं असतं. इथं सगळेच बरोबर होते आणि मी एकटा मागे राहणार होतो.

मी उठलो तेव्हा त्यांनी थांबवलं. "बाबूजी, कई बार दीवार गीली रहती है, बाद में बैठ जाती है। ऐसा कुछ हुआ हो तो महीना खतम होने से पहले बता दीजिए। मैं दुबारा जाँच करवा दूँगी।"

"दीवार मैंने खुद बनाई है, मैडम," मी म्हणालो. "वो नहीं बैठेगी।"

हे टिकारामला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"त्या बाईनं तुले रस्ता दाखवून देल्ला, अन् तू म्हनते भिंत नाही बसत! अरे लहानू, आपून बसवू ना तिले! माझं घर त पाडाचंच आहे. मधल्या भिंतीले माझ्या बाजूनं सब्बल घालतो. चार घाव. पान्यानं फुगली होती, पडली. संपलं."

"पान्यानं नाही पडली."

"पान्यानं तुझी गादी गेली, धान्य गेलं, ते खरं आहे ना? मंग? खरं नुकसान दाखवाले एक खोटी भिंत पाडली त काय बिघडलं?"

"त्या बाईनं मले खुर्ची देल्ली रे बसाले."

"मंग खुर्चीच घेऊन बस!" टिकाराम उठून गेला आणि त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

विहारात आम्ही दर रविवारी पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही असं त्यात आहे, आणि मी ते कारण पुढं केलं असतं तर टिकाराम गप्प बसला असता. पण ते माझं कारण नव्हतं. सत्याचा मला एवढा पुळका नाही, फॅक्टरीत आजारी रजा मीही काढल्या आहेत. मला त्या पोरासमोर पडकं घर घेऊन उभं राहायचं नव्हतं. ज्यानं माझ्या दारात बूट काढले, त्याला पुन्हा बोलावून म्हणायचं की पाहा, माझं घर मोडलं, माझ्यावर दया करा? ते माझ्याच्यानं झालं नसतं. गाळातली खाट दाखवायला टिकारामला लाज वाटली नाही, कारण त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

महिना संपला. टिकारामचा राग त्याआधीच संपला होता, तो सब्बल घेऊन दोनदा दारात येऊन गेला. मी दोनदा चहा पाजून परत पाठवला.

खोल्या बांधून झाल्या आणि निघायच्या दिवशी ट्रॉली आली. पार्वताबाई सामान चढवायचं सोडून माझ्याकडे आली आणि तिनं हात जोडले. "भाऊजी, आमच्यासंगं चाला. एकच खोली आहे त काय झालं, मधी पडदा टाकून देतो. तुमची खाट इकडं, आमची तिकडं. कुसुमबाई असती त मी असं इथं टाकून गेली असती का?"

"अवो, मी काय लहान पोर आहो? चांगला धडधाकट माणूस, मालकीचं घर, पेन्शन येते," मी म्हणालो. "जा तुम्ही. रविवारी येतो."

"घर आहे, पण घराशेजारी कोण आहे?" ती म्हणाली. मी ट्रॉलीवाल्याला दोरी नीट बांध म्हणून ओरडलो.

मग बुलडोझर आला. देखरेखीला तोच इंजिनिअर. एकेक घर खाली बसत आलं. टिकारामच्या घरापाशी त्यानं ड्रायव्हरला थांबवलं, खाली उतरून मधल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ये दीवार बाबूजी की है। इसको खरोंच भी नहीं आनी चाहिए।" ड्रायव्हरनं फार सांभाळून काम केलं. शेवटच्या विटा तर माणसांनी हातानं काढल्या. माझ्या भिंतीला खरोखरच ओरखडा गेला नाही.

सगळे गेल्यावर मी फिरून त्या बाजूला गेलो. टिकारामची खोली नव्हती, पण तिची एक भिंत माझ्या घराला चिकटून उरली होती आणि आता ती बाहेरची भिंत झाली होती. निळा रंग, चुलीच्या जागी काळा डाग, कपडे अडकवायचे खिळे. मशीन होतं त्याच्या वर टिकारामनं फौजी लोकांची मापं खडूनं लिहून ठेवली होती, छाती, कंबर, बाही. कोणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं मला. पुढच्याच पावसात ती मापं धुऊन गेली. निगमवाल्यांना धोक्याच्या क्षेत्राचा फलक लावायला दुसरी जागा उरली नव्हती, त्यांनी तो त्याच भिंतीवर ठोकला. इथं राहण्यास मनाई आहे, असं त्यावर लिहिलं आहे. मकान टॅक्सचा माणूस मात्र येतो. फलकाखाली उभा राहून पावती फाडतो.

दूधवाला यायचा बंद झाला, एका घरासाठी त्याला उतार उतरणं परवडत नाही. खांबावरचा दिवा गेला तो पुन्हा लागला नाही. संध्याकाळचा चहा मी दोनदा घरी करून पाहिला. एका माणसाचा चहा नीट होत नाही, एकतर कडू होतो नाहीतर उतू जातो. मग सोडून दिला. त्या वेळेला आता मी रेडिओ लावतो आणि भिंतीकडे पाठ करून बसतो. तिकडून काहीच येत नाही.

अच्युतराव एकदा टपरीवर भेटले. म्हणाले, "वासनिक, तुम्ही एकटेच खरे निघालात. या वेळी सरकारकडून दमडी घेतली नाही." मी चहा तसाच ठेवून उठलो. त्यांना अजून कळलेलं नाही की मला कशाचा राग आला.

शकुचा फोन नाक्यावरच्या पीसीओवर येतो. आधी वेळ ठरवून ती करते. "बाबा, सब ठीक है ना? तुम्ही जेवता ना बरोबर? टिकारामकाकांकडे जाता ना?" वस्ती उठली हे तिला माहीतच नाही. मी म्हणतो, "जातो ना. तू आपलं पाहा." तिची सासू आजारी असते, तिला दोन लहान पोरं आहेत. तिला सांगून ती काय करणार? रडत बसेल. फोन ठेवल्यावर पीसीओवाला विचारतो, "बाबूजी, बिटिया ठीक है?" मी म्हणतो, एकदम ठीक.

रविवारी मात्र मी टेकाडावर जातो. दोन बसेस बदलाव्या लागतात, पण वंदनेला पोचतो. नवा विहार टिनाचा आहे, पण मोठा आहे. वारा चांगला येतो. सगळी आपली माणसं, जय भीम, जय भीम, या लहानूभाऊ, बसा लहानूभाऊ. टिकारामच्या शेजारची खोली डोमाजी नावाच्या रिक्षावाल्याला मिळाली आहे. वंदना झाली की डोमाजी टिकारामच्या ओट्यावर येऊन बसतो आणि त्याला न विचारता चहा मिळतो. मलाही मिळतो, पण मला बशीत बिस्किटं घालून. पाहुण्याला देतात तसा.

"कसं आहे तिकडं?" सगळे विचारतात.

"मस्त," मी म्हणतो. "कटकट नाही. टिकारामचं मशीन नाही, झोप चांगली लागते." सगळे हसतात, टिकाराम सगळ्यांत मोठ्यानं.

मागच्या रविवारी निघालो तेव्हा पार्वताबाई बसपर्यंत सोडायला आली. तिला तिकडच्या दुकानातून तेल आणायचं होतं. उतार होता, ती हळू चालत होती, मीही हळू चालत होतो. बस दिसत नव्हती. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो.

"भाऊजी," ती म्हणाली, "खरं सांगा. करमते का तुमाले तिथं?"

मस्त, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते आलं नाही. कोण जाणे काय झालं. दुपार होती, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि कुसुमनंतर इतक्या साध्या आवाजात मला कोणी विचारलं नव्हतं.

"नाही करमत, वहिनी," मी म्हणालो. "सांज झाली का मले भेव लागते. पान्याचं नाही. आत बसलो त भिंती दिसते, बाहेर बसलो त कोणी दिसत नाही. दिवसाचे दिवस मी कोनासंग बोलत नाही. मले तुमच्याकडं येऊन राहाचं आहे. पडद्याच्या अलीकडं, कुठंही."

बोलून झालं. एवढं सोपं होतं ते. मी मान वर केली.

पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला होता. "आता म्हनता, भाऊजी?" ती म्हणाली. "मी तवा हात जोडले होते तुमाले. आता पोरगा अन् सून आले इटारसीहून, त्याचं काम सुटलं. पडद्याच्या तिकडं ते राह्यते. सून पोटुशी आहे. तुमाले कुठं ठेवू मी? सांगा ना, कुठं ठेवू?" आणि ती रस्त्यात उभी राहून रडायला लागली. "तवाच काहून नाही बोल्ले? त्या तहसीलच्या बाईले काहून नाही बोल्ले? आमाले काहून नाही बोल्ले?"

तेलासाठी आणलेली रिकामी बाटली तिच्या हातात होती. मी ती काढून घेतली आणि हसलो.

"अवो वहिनी, मजाक करून राहिलो होतो मी."

तिनं पदर खाली केला. "मजाक?"

"मंग काय! एवढं मोठं घर सोडून तुमच्या खोलीत कोन येते? सून घोरत असन, टिकाराम त घोरतेच. मी झोपू कुठं?"

"भलतेच आहा तुमी," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग तीही हसली. "मी घाबरली ना. असा मजाक करते का कोणी?" मजाक होता हे तिनं खरं मानलं. तिला ते खरं हवंच होतं, आणि मला त्यात तिचा दोष वाटत नाही.

बस आली. मी बाटली तिच्या हातात परत दिली आणि चढलो. खिडकीशी जागा मिळाली. ती खाली उभी राहून हात हलवत होती, पुढच्या रविवारी लवकर या म्हणत होती, आणि बस वळेपर्यंत मी तोंडावरचं हसू तसंच धरून ठेवलं.